उरलेलं ऊन पाणी

बादलीत हात घातला तर पाणी गार. वैजयंतीनं हात बाहेर काढून झटकला आणि रोजच्यासारखा पहिला तांब्या श्वास रोखून खांद्यावर ओतला. अंगावर सर्रकन काटा आला, दातांवर दात आपटले, दुसरा तांब्या भरायला ती वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. गीझर संपला ह्यात नवल काहीच नव्हतं. आधी सासरे, मग दिग्विजय, मग कॉलेजला पळायच्या घाईतली अपेक्षा. हा क्रम कुणी ठरवलेला नव्हता, पण तो ठरून गेला होता, आणि अपेक्षानं केस धुवायचं मनावर घेतलं की गीझरात थेंब उरायचा नाही. नवल वेगळंच होतं. पाणी गार आहे हे बोटांना कळलं तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नव्हतं. राग आला नव्हता, साधं 'अरे देवा'सुद्धा तोंडातून निघालं नव्हतं. सोलापुरातल्या नि आसपासच्या कारखान्यांना किती गरम पाणी लागेल, त्यासाठी किती वाफ सोडावी, टाकी केवढी घ्यावी, हे सांगून ही बाई पगार घेते, आणि स्वतःच्या न्हाणीत ती गार पाण्याला अशी सरावली होती की ते गार आहे ह्याची दखल घेणंही तिनं सोडून दिलं होतं. हे कधी झालं? लग्न झालं त्या वर्षी? अपेक्षा झाल्यावर? तिला आठवेना. "झालं का गं?" बाहेरून दिग्विजयनं विचारलं. "डबा कुठंय माझा?" दिग्विजय वाईट माणूस नव्हता. गीझर संपला हे त्याला सांगितलं असतं तर त्याला मनापासून वाईट वाटलं असतं आणि मोठा गीझर शोधायला त्यानं तिथल्या तिथं मोबाईल उघडला असता. पण त्याला सांगावं असं तिच्याच कधी मनात आलं नव्हतं. "ओट्यावर आहे," ती म्हणाली आणि उरलेली अंघोळ तिनं घाईघाईनं उरकली.

दिवाळी होऊन गेली होती. सोलापूरच्या मानानं सकाळ चांगलीच गार होती, आणि स्कूटीवरून होटगी रोडनं ऑफिसला जाताना ओले केस मानेला चिकटून तिला हुडहुडी भरत होती. आज बारा वाजता अण्णांच्या कारखान्यात शेवटची बैठक. अण्णा म्हणजे शिवपुत्रअण्णा; अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा जुना कारखाना होता आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ते नवी मोठी शेड उभी करत होते. टॉवेल रंगवायच्या मशीनमध्ये गार पाणी भरून ते तिथंच तापवत बसलं तर वेळ जातो. म्हणून पाणी बाहेर एका जागी वाफेवर तापवायचं, मोठ्या टाकीत साठवायचं आणि गरमच मशीनला द्यायचं. बॉयलरची वाफ पातळ पत्र्यांच्या एका बाजूनं जाणार, पाणी दुसऱ्या बाजूनं, आणि वाफ आपली सगळी ऊब पाण्याला देऊन स्वतः पाणी होऊन परत बॉयलरकडं निघून जाणार. हा भाग वैजयंतीला पहिल्यापासून आवडायचा. एवढं देऊन टाकते ती वाफ, आणि थर्मामीटरच्या काट्याला त्यातलं काही दिसत नाही. शाळेत त्याला अप्रकट उष्मा म्हणत, आणि तिच्या माहेरच्या, नातेपुत्याच्या, शाळेतल्या पोरी हा शब्द ऐकला की का कोण जाणे खुदुखुदु हसत. तर ह्या सगळ्या व्यवस्थेचं माप काढणं हे तिचं काम होतं. टाकी केवढी, पत्रे किती, वाफ किती. तिनं ते काढलं होतं, तिच्या साहेबांनी, म्हणजे अभिमन्यूसरांनी, ते तपासून 'छान' असा शेरा मारला होता, आणि आज अण्णांनी मान हलवली की उद्या टाकीची ऑर्डर जाणार होती. एकदा टाकी बसली, भोवतीच्या भिंती उभ्या राहिल्या, की पंचवीस-तीस वर्षं तिला कुणी हात लावणार नाही. अशा गोष्टी पुन्हा होत नसतात.

सात रस्त्याला सिग्नल लागला, आणि का कोण जाणे, तिला मापातली एक ओळ आठवली. मशीनच्या पाण्याखाली तिनं कामगारांच्या अंघोळीचं पाणी धरलं होतं. जुन्या कारखान्यात ही पद्धतच होती. रंगखात्यातले पुरुष पाचचा भोंगा व्हायच्या आधी पाव तास काम सोडत, एका लांबट न्हाणीत ओळीनं अंघोळी करत, निळे-तांबडे हात दगडानं घासत आणि मगच बसमध्ये चढत. तिथल्या नळाच्या पाइपवर मीटर बसवून तिनं काही दिवस पाणी मोजलं होतं. सगळे नळ एका वेळी उघडत नाहीत, हा त्यातला मोठा आधार. कुणी साबण लावत असतो, कुणी गप्पा मारत असतो, कुणी टाळाटाळ करतो. म्हणून सगळ्यांची बेरीज करून त्यातला एक हिस्साच धरायचा. जगभर असंच धरतात. ऑफिसात त्याला 'डायव्हर्सिटी' म्हणायचे, आणि तो हिस्सा नेमका धरण्यात वैजयंतीचा हात कुणी धरत नसे. मागच्या रिक्षानं हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता. तिनं स्कूटी ऑफिसकडं न वळवता सरळ कारखान्याच्या रस्त्याला काढली; डोक्यात ती ओळ तशीच होती, आणि त्या ओळीच्या पलीकडं काहीतरी होतं, ते तिला दिसत होतं आणि दिसत नव्हतं.

नातेपुत्याच्या घरामागं, परसात, तांब्याचा बंब होता. पोटात जाळ, भोवती पाणी, वर धुराचं नळकांडं. तुराट्या सारून आई तो पहाटेच पेटवायची. बंबाचा नियम एकच: वरच्या तोंडानं गार पाण्याची कळशी ओता, तेव्हा खालच्या तोटीतनं ऊन पाण्याची कळशी निघते. जेवढं घ्यायचं तेवढं आधी द्यायचं. वैजयंतीला बंबाशेजारी बसायला आवडे, पाठीला जाळाची ऊब आणि समोर सगळ्या घराची ये-जा. आधी वडील. मग चुलते. मग कुणी पाहुणे असले तर पाहुणे, आणि नातेपुत्याच्या बाजाराच्या दिवशी पाहुणे असायचेच. मग भाऊ, मग पोरी, मग चुलत्या. प्रत्येकाची कळशी आई ओतायची. वरून गार, खालून ऊन. पुन्हा गार, पुन्हा ऊन. आणि दरवेळी खालचं ऊन थोडं कमी ऊन. 'सगळ्यांना पुरलं का?' वडील विचारायचे, चहाचा कप हातात घेऊन, खऱ्या काळजीनं. 'पुरलं की,' आई म्हणायची. आणि पुरायचंच. कधी कुणी तक्रार केल्याचं वैजयंतीला आठवत नव्हतं. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर तिनं गंमत म्हणून एकदा त्या बंबाचं गणित मांडून बघितलं होतं. एवढं पोट, एवढा जाळ, एवढी माणसं. उत्तर यायचं, पुरणार नाही. आणि घरात तर पुरत होतं. तेव्हा ती खूप हसली होती आणि आपण जाळ कमी धरला असेल म्हणून तिनं तो कागद फेकून दिला होता. आता, एमआयडीसीच्या वळणावर, ती हसली नाही. तिनं स्कूटी कडेला घेतली, एक पाय टेकला आणि उभी राहिली. जाळ बरोबर होता. माणसं चुकली होती. शेवटचं माणूस, म्हणजे आई, तिनं गरम पाण्यात धरलं होतं.

कारखान्याच्या न्हाणीत तिनं कुणाला मोजलं होतं? रंगखात्यातल्या पुरुषांना. आणि पलीकडच्या हॉलमध्ये टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, धागे कातरणाऱ्या, डाग तपासणाऱ्या शंभरावर बाया? त्यांच्या पाइपवर तिनं मीटर लावला नव्हता, कारण त्यांना पाइपच नव्हता. पाइप नाही म्हणून वापर नाही, वापर नाही म्हणून आकडा नाही. किती स्वच्छ, किती बिनचूक शून्य! त्या हॉलमधनं ती कितीदा गेली होती. कापसाची धूळ हवेत तरंगत असायची, बायकांच्या पापण्यांवर, भुवयांवर, केसांत बसायची. तरण्या पोरीसुद्धा संध्याकाळी पांढऱ्या डोक्यानं बाहेर पडायच्या. त्यांना बघून तिच्या मनात आलं होतं, बिचाऱ्या. बस्स, तेवढंच. मग तिनं पुढं जाऊन बॉयलरचा दाब लिहून घेतला होता.

बैठकीला अजून वेळ होता. ती सरळ त्या हॉलमध्ये शिरली. मशीनांच्या खडखडाटात तिला कुणी ओळखलं नाही, मग महानंदानं ओळखलं. महानंदा कुंभारी गावची, तोंडावरचा फडका हनुवटीखाली ओढून बोलणारी, बोलायला कधी न दमणारी. "या मॅडम. आज हिकडं कुटं वाट चुकली?" वैजयंतीनं विचारलं, नव्या शेडमध्ये बायकांसाठी ऊन पाण्याची न्हाणी केली तर तुम्ही अंघोळ करून जाल का? महानंदा हसत सुटली. "आमाला कशाला वो? आमी घरी जाऊन करतो की." कधी? "सैपाक झाल्यावर. समद्यांची जेवणं झाल्यावर." ऊन पाण्यानं? ह्याच्यावर शेजारच्या चार-पाच जणीही हसल्या. "आसलं तर आसतंय, नसलं तर नसतंय," महानंदा म्हणाली. पलीकडं वळसंगची नागव्वा टॉवेल उजेडात धरून डाग बघत होती. सगळ्यांत म्हातारी तीच. तिनं टॉवेल खाली न घेताच मान हलवली. "ब्याडव्वा, ब्याड. नको आमाला. सवय हाय." आणि बाकीच्यांनीही माना हलवल्या: व्हय व्हय, सवय हाय, कशाला उगी. वैजयंती आली होती त्यांच्याकडून 'हवं' ऐकायला. ते घेऊन बैठकीत गेली असती तर किती सोपं झालं असतं. त्यांनी तिला हात हलवत पाठवून दिलं, अगदी प्रेमानं.

बाहेर सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभं राहून तिनं नातेपुत्याला फोन लावला. आईनं उचलला तो थेट तक्रारीनंच. "आज दिस कुणीकडं उगवला? आन् ह्या येळंला? पोरगी बरी हाय न्हवं?" सगळं बरं असल्याची खात्री पटेपर्यंत आई काही ऐकायला तयार नव्हती. मग वैजयंतीनं विचारलं, "आई, एक सांग. बंबाचं कढत पाणी तुझ्या वाट्याला कधी आलं होतं का गं? पहिलं पाणी?" आईला प्रश्न वेडगळ वाटला असणार. "आता ह्ये काय काढलंस? माझं काय, मी आपली समद्यांचं झाल्यावर..." ते माहीत आहे, वैजयंती म्हणाली, पण कधी तरी? एकदा? "आलं की," आई म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "तुज्या वेळंला. बाळंतपणात. तुझी आजी न्हाऊ घालायची, तेल चोळून, आन् पाणी असलं कढत, असलं कढत की पाठीतनं वाफा निघायच्या. पयली अंघुळ माजी. तुजे वडील बाहेर थांबून ऱ्हायचे. खोटं कशाला बोलू? तवा वाटायचं, बाळंतपण सरूच नये." आणि लगेच हसून तिनं ते झटकून टाकलं, जेवणाचं विचारलं, अपेक्षाला थंडीत स्वेटर घालायला सांगितलं. फोन ठेवल्यावर वैजयंतीला रडू येत होतं, आणि रागही येत होता, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं. वडिलांवर काढावा तर ते बिचारे रोज विचारायचे, सगळ्यांना पुरलं का. आईवर काढावा तर ती रोज खोटं सांगायची. आपल्या हिशेबात जो हिस्सा आपण इतक्या ऐटीत सोडून देतो, तो असा कुणाच्या तरी अंगावर गार होऊन पडत असतो, हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. आणि तिला ते आज, चाळिशी जवळ आल्यावर, एका गार तांब्यानं कळावं, ह्याची तिला लाज वाटली.

बैठकीत अण्णा खुशीत होते. "काय मॅडम, सोलापुरात गरम पाणी म्हणताय. एप्रिलात या की, नळ सोडला तर चटके बसतात." सगळे हसले. अभिमन्यूसरांनी कागद उलगडला, टाकीचं माप वाचलं, अण्णांनी पेनाचं टोपण काढलं. आता बोलायचं, ती मनाशी म्हणाली. स्वतःचाच आकडा खोटा पाडायचा, तोही साहेबांच्या देखत, ज्यांनी ह्या नोकरीत तिला हाताला धरून शिकवलं होतं. गप्प राहिलं तर काय होणार होतं? काहीच नाही. कुणी कधी तक्रार केली नसती. ते मनात आलं आणि तिला बोलावंच लागलं. "सर, टाकीचं माप चुकलंय. माझ्याकडून." अभिमन्यूसरांनी चष्म्यावरून बघितलं. "वैजयंती, आपण तीनदा तपासलंय." हो, ती म्हणाली, बेरीज बरोबर आहे, बायका धरल्या नाहीत. मग तिनं सांगितलं, जमेल तसं, मधेमधे अडखळत. अण्णांनी टोपण परत लावलं. "त्यांनी मागितलं का?"

"नाही."

"मग कुणी मागितलं? फॅक्टरी इन्स्पेक्टरनं?"

"कुणीच नाही अण्णा. आत्ता विचारून आले, त्या नको म्हणाल्या."

"नको म्हणाल्या!" अण्णा खुर्चीत मागं रेलले. "नको म्हणतात त्यांना बळंच न्हाऊ घालता काय तुम्ही?"

आता बॉयलरचे प्रमुख मायाप्पा मदतीला धावले, अर्थात अण्णांच्या. "आन् मॅडम, पाचाच्या टायमाला वाफ कुटनं आणू? तवाच समदी मशीनं भरतेत. तितं एक किलो वाफ जास्ती मागाल तर मिळणार न्हाय, आत्ताच सांगतो." हा प्रश्न खरा होता, आणि खरा प्रश्न समोर आल्याबरोबर वैजयंतीचा आवाज सापडला. पाचला वाफ नकोच आहे, ती म्हणाली. दुपारी मशीनं भरून झालेली असतात, रंग चढत असतो, बॉयलर सुस्त असतो, तेव्हा हळूहळू तापवून ठेवायचं. पत्रे तेच, वाफ तीच. टाकी फक्त उंच घ्यायची, जागा तेवढीच लागेल, वर तुळईपर्यंत मोकळंच आहे. मायाप्पांनी कपाळाला आठ्या घालून मनातल्या मनात दुपारचा बॉयलर बघितला आणि अनिच्छेनं म्हणाले, "ते जमंल." अण्णा मात्र अजून तिच्याकडंच बघत होते. "जमंल ते कळलं. पण का करायचं? ते सांगा." तिला खूप काही सांगायचं होतं. बंब, कळशी, वडिलांचा कप. ह्यातलं काही तिथं बोलता येण्यासारखं नव्हतं. "अण्णा," ती म्हणाली, "आपण कोण किती वापरतं तेवढं मोजलं. ज्यांना कधी मिळालंच नाही त्या नकोच म्हणणार. त्यांच्या नकोवर मी माप काढू शकत नाही. मला ते खोटं वाटतं." अभिमन्यूसरांनी कागदावरचा आपला 'छान' हा शेरा अंगठ्यानं उगीच पुसल्यासारखं केलं, मग म्हणाले, "टाकी उंच घ्यायला माझी हरकत नाही." अण्णा उठले, खिडकीपाशी गेले, नव्या शेडचे खांब बघत उभे राहिले. "करा," ते शेवटी म्हणाले. "पुरुषांना पाव तास देतो तसा त्यांनाही देईन. पण एक लक्षात ठेवा मॅडम. न्हाणी रिकामी राहिली तर मी त्या बायकांना नाही विचारणार. तुम्हांला विचारणार."

पुढच्या दिवाळीनंतर नवी शेड सुरू झाली. मधल्या वर्षात वैजयंतीनं त्या टाकीसाठी नसत्या उठाठेवी केल्या: प्रत्येक न्हाणीला आतून कडी हवी म्हणून सुताराशी भांडली, साबण ठेवायला कोनाडे मागितले, रंगाचं पाणी भयंकर कढत असतं म्हणून त्यात गार मिसळून देणारी झडप दोनदा तपासली. आणि पहिल्या दिवशी भोंग्याच्या आधी पाव तास बाया हात पुसत बाहेर आल्या, न्हाणीच्या ओळीसमोर उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. "नागव्वामावशी, तुमी मोठ्या, तुमी आदी." "मी कशाला? तू जा की." "मी न्हाय बाई, पूनम जाईल." पूनम दुसरीच्या मागं लपली. कुणीतरी म्हणालं, "मॅडमच आदी करू देत," आणि सगळ्या खळखळून हसल्या. वैजयंती टाकीच्या पायाशी उभी होती. सगळं तिनं धरलं होतं, दाब, झडप, कडी, कोनाडा. पहिलं कुणी जायचं हे तिनं धरलं नव्हतं. इतक्या बाया, आणि एकीलाही पहिलं होणं येत नव्हतं. ऑफिसच्या पायरीवर अण्णा उभे होते, लांबून बघत होते. बसच्या ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. वैजयंतीला वाटलं, आता ह्या वळतील, हसत हसत बसमध्ये चढतील, आणि संपलं. 'जा ना गं बायांनो,' असं तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडून काही उपयोग नाही हेही कळत होतं.

शेवटी महानंदाच चिडली. "आगं काय चाललंय? हिकडं पाव तास चालला की तुमच्या मानपानात!" तिनं एका हातानं पूनमचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं आणखी एकीचं. "चला. समद्याच चला. कोण आदी न्हाय, कोण मागं न्हाय." धडाधड दारं लागली, कड्या सरकल्या. क्षणभर काहीच नाही, मग एकदम सगळे नळ सुटले, सगळेच्या सगळे, एकाच वेळी, आणि पंप खाली गुरगुरला. वैजयंतीनं पाइपवर हात ठेवला. ऊन. आतून कुणीतरी "आयाई गं!" म्हणून किंचाळली आणि मग हसण्याचा कल्लोळ उठला, भिंतींवर आपटून तो वरच्या पत्र्यापर्यंत गेला. पहिल्या बाहेर आल्या, तोंडं लाल, अंगातून वाफा निघणाऱ्या. दुसऱ्या आत गेल्या, मग तिसऱ्या. दाराशी नागव्वा प्रत्येकीला "जा गं, जा" म्हणत पुढं सोडत होती. वैजयंतीचा हात पाइपवरून हलला नाही. टाकीचा काटा उतरत होता, हळूहळू, तिनं कागदावर उतरवला होता तसाच, पण कागदाचा आता तिला भरवसा वाटत नव्हता. खरं माप तिथं दाराशी उभं होतं, सगळ्यांना पुढं सोडत. बस दोनदा ओरडली. मग अण्णा पायरीवरून उतरले, ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि बस गप्प झाली. सगळ्यांत शेवटी, मागं कुणीच उरलं नाही तेव्हा, नागव्वा आत गेली.

तिला बराच वेळ लागला. आतून ना हसणं, ना बोलणं. नुसतं पाणी पडत होतं. मग तेही थांबलं. नागव्वा बाहेर आली ती पदरानं मान पुसत, आणि तिच्या केसांत कापसाचा कण नव्हता. केस एरवी दिसायचे त्यापेक्षा खूपच काळे निघाले. वैजयंती पुढं झाली. "मावशी, पाणी कसं होतं?"

"कढत," नागव्वा म्हणाली. "शेवटपतोर कढत." ती हसेल असं वैजयंतीला वाटलं, पण तिचे डोळे भरून आले होते आणि चेहरा मात्र रागावलेला होता, खरोखरीचा रागावलेला. "पर ह्ये बरं न्हाय केलं तुमी, मॅडम. आजपतोर घरचं गार पाणी मला झोंबत नव्हतं. कळतच नव्हतं. आता झोंबंल की."

मागं बस वाट बघत होती, आतून महानंदा हाका मारत होती. वैजयंतीनं नागव्वाचा ऊन, ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"झोंबू द्या, मावशी," ती म्हणाली.